हात आधी पुढे होतो

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



आमच्या देवळात दर गुरुवारी आरतीनंतर तीर्थ-प्रसाद देण्याची सेवा निवृत्तीनंतर माझ्याकडे आली. एका गुरुवारी गर्दी बरीच होती. प्रसादाचं पातेलं पुढे ओढायचं म्हणून हातातलं ओलं फडकं मी समोरच्या गृहस्थांपुढे केलं. ‘जरा धरता का’ असं म्हणायचं होतं. पण शब्द तोंडातून निघायच्या आत त्यांनी उजवा हात पुढे केला, फडकं घेतलं, डोळे मिटले आणि ते कपाळाला लावलं! मग आमच्या दोघांच्याही लक्षात आलं आणि दोघंही हसलो. ते म्हणाले, “अहो काका, तुम्ही दिलंत म्हणून घेतलं.”

हसण्यावारी गेलं, पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. तुम्ही दिलंत म्हणून घेतलं. काय दिलं, कशासाठी दिलं, मला हवं आहे का, यातला एकही प्रश्न त्यांच्या मनात आला नाही. हात आधी पुढे झाला, मन मागून पोचलं.

तेव्हापासून मी हे बघत असतो, आणि जिकडे तिकडे तेच दिसतं. लग्नाच्या मांडवात आपण शेजाऱ्याशी बोलत असतो, कोणीतरी अक्षतांचं ताट घेऊन येतं, आपली मूठ भरते आणि बोलणं चालूच राहतं. एस.टी.त गर्दी असली की मागच्या माणसाचे पैसे पाच हातांतून वाहकापर्यंत जातात आणि तिकीट त्याच वाटेने परत येतं. मधल्या पाच जणांनी कोणाचे, कुठले, काही विचारलेलं नसतं. रस्त्यात कोणी जाहिरातीचा कागद पुढे केला की आपण तो घेतो आणि चार पावलांवर टाकायला जागा शोधतो. रेल्वेच्या डब्यात एखादा माणस न बोलता प्रत्येकाच्या मांडीवर छापील कार्ड ठेवत जातो. ते उचलून परत देण्याचंही आपल्याला सुचत नाही.

हे असं का होतं, त्यात धोका काय, आणि आपल्या दत्तसंप्रदायाने त्याबद्दल काय शिकवलं आहे, हे माझ्या अल्पमतीप्रमाणे मांडतो. मी शास्त्री नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि जन्मभर बँकेत कारकुनी केलेला माणूस. त्यामुळे थोडी हिशेबी भाषा येईल, ती गोड मानून घ्यावी.

हात का पुढे होतो?

पहिलं कारण जन्मापासूनचं आहे. तान्ह्या बाळाच्या तळव्यावर आपण बोट ठेवलं की ते मूठ मिटून बोट पकडतं. आपल्याला वाटतं, बाळानं ओळखलं. वैद्यकशास्त्र म्हणतं, ही उपजत प्रतिक्रिया आहे, बाळाच्या इच्छेचा त्यात भाग नाही. १८९१ साली लुईस रॉबिन्सन नावाच्या इंग्रज डॉक्टरने एक महिन्याच्या आतल्या बाळांच्या हाती काठी देऊन पाहिलं, तर बहुतेक बाळं दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ स्वतःचं वजन पेलून लोंबकळली. साधारण पाच-सहा महिन्यांत ही पकड आपोआप जाते आणि मग बाळ स्वतःच्या इच्छेने वस्तू धरायला शिकतं. वर्षाचं व्हायच्या सुमाराला ‘दे बाळा, दे’ आणि ‘घे’ हा खेळ सुरू होतो. एकच खुळखुळा वीस वेळा इकडून तिकडे. धड बोलता येण्याआधी आपण देणं-घेणं शिकलेलो असतो.

दुसरं कारण संस्कारांचं. मोठ्यांनी दिलं की नाही म्हणू नये, उजव्या हाताने घ्यावं, देवाचं असेल तर कपाळाला लावावं. हे इतक्या लहानपणी अंगवळणी पडतं की पुढे त्यासाठी मन लागतच नाही.

तिसरं कारण मला तीर्थ देता देता कळलं. शब्द आला की प्रश्न येतो आणि प्रश्न आला की नकाराला जागा मिळते. ‘घेणार का?’ असं विचारलं तर ‘नको’ म्हणता येतं. पण नुसती वस्तूच पुढे आली तर कशाला नको म्हणणार? विचारलेलंच नाही! शिवाय समोरचा हात तसाच ताटकळत राहिलेला आपल्याला बघवत नाही. वस्तू पडेल, त्या माणसाचा अपमान होईल, असं आत कुठेतरी वाटतं आणि आपण घेऊन टाकतो. म्हणजे या घेण्यात हावरेपणा क्वचितच असतो. बहुतेक वेळा भिडस्तपणा असतो.

घेतलं की खात्यावर पडलं

नोकरीची सुरुवातीची वर्षं होती. मी रोखपालाच्या खिडकीवर बसायचो. एके दिवशी दुपारी गर्दीत शेजारच्या सहकाऱ्याने शंभराच्या नोटांची एक गड्डी माझ्या हातात दिली. तो काही बोलला नाही, मीही काही विचारलं नाही. गड्डी सरळ खणात ठेवली. संध्याकाळी हिशेब जुळेना. एक हजार रुपये तूट. दोनदा, तीनदा मोजलं. त्या गड्डीत शंभराऐवजी नव्वदच नोटा निघाल्या. सहकाऱ्याच्या मनात काही पाप होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. त्यालाही कोणीतरी तशीच दिली असेल आणि त्यानेही तशीच घेतली असेल. पण मुख्य रोखपालांनी मला एवढंच विचारलं, “मोजून घेतली होती का?” मी गप्प. ते म्हणाले, “मग घेतलीत तेव्हाच ती तुमची झाली.”

ती तूट मी भरली. तेव्हाच्या माझ्या पगाराचा फार मोठा हिस्सा त्यात गेला. घरी सांगताना मान वर होत नव्हती.

बी.कॉम.ला असताना भारतीय करार कायदा, १८७२, आम्हाला अभ्यासाला होता. त्यातल्या सत्तराव्या कलमात एक उदाहरण आहे. एक व्यापारी चुकून आपला माल दुसऱ्याच्या घरी ठेवून जातो, तो दुसरा माणूस तो माल आपलाच समजून वापरतो, तर त्याला त्याचे पैसे द्यावे लागतात. मागितलं नव्हतं, ही सबब तिथे चालत नाही. उलट १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १२२ व्या कलमाप्रमाणे, घेणाऱ्याने स्वीकारल्याशिवाय बक्षीस पुरं होतच नाही. म्हणजे देणारा कितीही मोठा असो, शेवटची सही घेणाऱ्याची.

कायद्याच्या आधीपासून समाज हे जाणतो. मार्सेल मॉस या फ्रेंच विद्वानाने १९२५ साली भेटवस्तूंच्या चालीरीतींवर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. देणं, घेणं आणि परत करणं ही तिन्ही बंधनंच आहेत, असं त्याने अनेक समाजांचे दाखले देऊन दाखवलं. आपल्या घरातल्या बायकांना हे मॉसने सांगायची गरज नव्हती. शेजारणीची वाटी रिकामी परत करू नये, हे त्या पिढ्यान्‌पिढ्या पाळत आल्या आहेत. दुसरं काही नसलं तर चिमूटभर साखर घालून वाटी परत जाते. १९७१ साली डेनिस रेगन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला. एका माणसाने दुसऱ्याला न मागता थंड पेयाची बाटली आणून दिली आणि थोड्या वेळाने त्याला सोडतीची तिकिटं घ्यायची गळ घातली. ज्यांना बाटली मिळाली त्यांनी, न मिळालेल्यांपेक्षा जवळजवळ दुप्पट तिकिटं घेतली.

क्षेत्राच्या ठिकाणी आपल्यालाही हा अनुभव येतो. कोणीतरी हातात फूल ठेवतं, मनगटाला दोरा बांधतं, कपाळाला गंध लावतं. सगळं न बोलता. शब्द येतात ते नंतर, दक्षिणेचे! आणि आपण, घरी भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी वाद घालणारे, तिथे मुकाट्याने पाकीट काढतो. कारण वस्तू आधीच हातात आलेली असते. प्रवासात अनोळखी माणसाने दिलेलं खाऊ नका, असं रेल्वे सांगत असते ते उगीच नाही. गुंगीचं औषध देणाऱ्यालाही ठाऊक असतं की हात आधी पुढे होतो.

आमची आजी कोणाच्या हातावर मीठ देत नसे. “खाली ठेव, मग तो उचलेल. हातावर मीठ दिलं की भांडण होतं,” म्हणायची. तेव्हा आम्ही हसायचो. आता वाटतं, भांडणाचं राहू द्या, पण देणं आणि घेणं यांच्यामध्ये एक क्षण तरी असावा, एवढं त्यातून घेण्यासारखं आहे.

अवधूतांचे चार गुरू

तो क्षण कशासाठी वापरायचा, हे आपल्याला अवधूतांनी शिकवलं आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजा अवधूतांना भेटतो आणि त्यांच्या आनंदाचं कारण विचारतो. तेव्हा ते आपले चोवीस गुरू सांगतात. नाथमहाराजांनी एकनाथी भागवतात हा भाग मराठीत फार सविस्तर उलगडला आहे. आपण सप्ताहात चोवीस नावं म्हणतो आणि पुढे जातो. पण त्यातले चार गुरू केवळ ‘घेणं’ या एकाच विषयाचे आहेत, असं मला दिसलं.

पहिला अजगर. तो मागायला जात नाही. आपोआप जे समोर येईल, थोडं किंवा फार, गोड किंवा बेचव, तेवढ्यावर राहतो. नाही आलं तर पडून राहतो. न मागता आलेलं घेणं हा दोष नाही, हे अवधूत इथे मान्य करतात. मात्र आलंच पाहिजे अशी अपेक्षा नाही.

दुसरी मधमाशी. ती एका फुलाला ओरबाडत नाही, प्रत्येकाकडून थोडं थोडं घेते. मधुकरी हा आपला शब्द तिच्यावरूनच आला. पण हीच माशी साठवते आणि त्या साठ्यापायी नाश पावते, हाही तिचाच धडा. म्हणून संन्याशाने हात हेच पात्र आणि पोट हेच साठवणीचं भांडं समजावं, असं तिथे सांगितलं आहे. ओंजळीत मावेल तेवढंच घ्यायचं, उद्यासाठी ठेवायचं नाही.

तिसरा मासा. त्याच्यासमोर आमिष आलं, त्याने विचार न करता घेतलं, आतला गळ त्याला दिसलाच नाही. अवधूत त्याचा दोष जिभेवर ठेवतात. दरवाजात, फोनवर, रस्त्यावर फुकट पुढे येणाऱ्या प्रत्येक गोष्टीच्या वेळी आपल्या वयाच्या माणसाने हा मासा आठवावा.

चौथा कुरर पक्षी. त्याच्या चोचीत मांसाचा तुकडा होता, म्हणून त्याच्याहून बलवान पक्षी त्याला टोचू लागले. त्याने तुकडा टाकला आणि त्याच क्षणी तो सुखी झाला. घेतलं म्हणजे धरूनच ठेवलं पाहिजे असं नाही. चुकून घेतलेलं सोडता येतं.

हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर अपेक्षा किती ठेवावी हे अजगर सांगतो, किती घ्यावं हे मधमाशी, काय घेऊ नये हे मासा आणि कधी सोडावं हे कुरर. अवधूतांनी ‘घेऊच नका’ असं कुठेही म्हटलेलं नाही. त्यांनी बघून घ्यायला सांगितलं.

श्रीगुरूंनी काय घेतलं?

गुरुचरित्रातही हीच दोन टोकं आहेत. छत्तिसाव्या अध्यायात परान्नाचा विषय येतो. कोणाचं अन्न घ्यावं, कोणाचं घेऊ नये, हे श्रीगुरू तपशिलाने सांगतात. आणि अठराव्या अध्यायात तेच श्रीनृसिंहसरस्वती एका दरिद्री ब्राह्मणाच्या घरी भिक्षेला जातात. घरात दारच्या वेलाच्या घेवड्याच्या शेंगांशिवाय काही नाही. त्या घरच्या बाईने तेच वाढलं आणि महाराजांनी ते आनंदाने घेतलं. जाताना वेल उपटून टाकला. घरात रडारड झाली, पण वेलाचं मूळ काढताना खाली द्रव्याचा कुंभ सापडला. कथा आपल्याला पाठ आहे. आपण कुंभाकडे बघतो. मला अलीकडे त्याआधीचा क्षण मोठा वाटतो. ज्या घरात देण्यासारखं काही नव्हतं, त्या घराचं महाराजांनी घेतलं. त्या बाईला ‘मी देऊ शकते’ हे त्या क्षणी मिळालं, सोनं नंतर मिळालं.

गाणगापूरला दुपारी मधुकरी मागायची चाल आहे. महाराज कोणत्या ना कोणत्या रूपाने तिथे भिक्षेला असतात, ही श्रद्धा. मीही एकदा झोळी घेऊन निघालो. नोकरीत लाखांच्या नोटा मोजलेले हात पहिल्या दारात थरथरत होते. तिथे एका म्हाताऱ्या आजींनी एक शब्द न बोलता अर्धी भाकरी झोळीत टाकली आणि त्याच मला वाकून नमस्कार करू लागल्या. मागे सरायलाही जागा नव्हती. देणाऱ्याला नमस्कार करायची सवय होती, घेणाऱ्याचा मान काय असतो ते त्या दिवशी कळलं.

आमचे अण्णा

आता जरा घरचं सांगतो. आमचे वडील, अण्णा, कोणाचं काही घेत नसत. कोणी चहा पाजला तर दुसऱ्या दिवशी त्याला चहा पाजल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. आम्हा मुलांनी दिलेले पैसेही ते परत आमच्याच मुलांच्या हातावर ठेवत. शेवटच्या आजारात त्यांना अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली. तेव्हा एक विचित्र गोष्ट दिसू लागली. त्यांच्या तळव्यावर काहीही ठेवलं, चादरीचं टोक, चमचा, माझं बोट, की मूठ घट्ट मिटायची आणि सोडवता सोडवत नसे. मला वाटायचं, अण्णा मला जाऊ देत नाहीत. डॉक्टरांनी समजावलं की मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली की तान्हेपणाची ती पकड कधीकधी परत येते. त्यात इच्छा नसते.

खरं सांगतो, ते ऐकून वाईट वाटलं. तरी मी रोज त्यांच्या हातात बोट देऊन बसत होतो. ज्या माणसाने जन्मात कोणाचं काही घेतलं नाही, त्याचा हात शेवटी सगळं घेत होता. हात घेतच येतो आणि काही वेळा घेतच जातो. मधली वर्षं मात्र आपली आहेत. त्या वर्षांत मन हाताच्या बरोबर पोचू शकतं.

आणि त्या वर्षांत मी काय केलं? गेल्या पावसाळ्यात बसमध्ये उभा होतो. गुडघे दुखत होते. एक कॉलेजातली मुलगी काही न बोलता उठली आणि जागेकडे हात केला. मी लगेच म्हणालो, “बस बाळ, बस, मला सवय आहे.” ती अवघडून पुन्हा बसली, बाकीचे बघत होते, तिचा चेहरा उतरला. मी पाऊण तास दांडा धरून उभा राहिलो. घरी आल्यावर स्वतःचीच लाज वाटली. न मोजलेली गड्डी मी घेतली होती, आणि इतक्या मनापासून दिलेली जागा मात्र घेतली नाही. जिथे थांबायचं तिथे हात पुढे झाला, जिथे हात पुढे करायचा तिथे मी अण्णांसारखा ताठ राहिलो. आपल्यापैकी पुष्कळांचं असंच होत असेल. मुलगा पैसे देतो, सून काठी पुढे करते, शेजारी डबा आणून देतो, आणि आपलं ‘नको, कशाला’ सुरू होतं. त्यांनाही घेवड्याच्या शेंगा वाढायच्या असतात, हे आपण विसरतो.

करून बघण्यासारखं

मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्तजयंती. त्या निमित्ताने तीन साध्या गोष्टी सुचवतो.

एक, तीर्थ घेताना उजव्या हाताचं गोकर्ण करावं, खाली डावा हात धरावा आणि घेण्याआधी क्षणभर देणाऱ्याकडे बघावं. तेवढ्याने मन हाताबरोबर येतं. देवळात हा सराव झाला की बाहेरही तो क्षण मिळतो.

दोन, अनोळखी माणसाने काही पुढे केलं तर दोन्ही हात जोडून नमस्कार करावा. जोडलेल्या हातांत कोणाला काही ठेवता येत नाही, आणि समोरच्याचा अपमानही होत नाही. पैशांची किंवा कागदाची गोष्ट असेल तर मोजून, वाचून मगच घ्यावी, देणारा घरचा असला तरी.

तीन, आपल्या माणसाने प्रेमाने काही दिलं, मग ती जागा असो, आधाराचा हात असो की वाटीभर आमटी, तर ‘नको’ म्हणण्याआधी घेवड्याची गोष्ट आठवावी आणि घ्यावं.

मी माझ्या सेवेत एक बदल केला आहे. आता मी न बोलता कोणाच्या हातावर काही ठेवत नाही. ‘तीर्थ घ्या’, ‘प्रसाद घ्या’ असं म्हणतो आणि तो माणूस माझ्याकडे बघेपर्यंत पळी थांबवतो. रांग थोडी हळू सरकते, पण अजून कोणी तक्रार केलेली नाही. ते फडकंवाले गृहस्थही दर गुरुवारी येतात. हात पुढे करायच्या आधी हसून विचारतात, “काका, आज काय, तीर्थ की फडकं?” मी सांगतो, मग ते घेतात.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त.